जुनी पिकअप घेता, मग तिचे तेलही बदला

संत्र्याचा हंगाम जवळ आला की आमच्या बोरगाव-सौंसर भागात जुन्या पिकअप गाड्यांचे सौदे सुरू होतात. भाड्याच्या गाडीची वाट पाहत माल बांधावर पडून राहण्यापेक्षा घरची गाडी बरी, हा विचार शहाणपणाचाच आहे. पण गाडी घरी आल्यावर पहिला खर्च कशावर होतो? नवा हॉर्न, सीटचे कव्हर आणि पुढच्या काचेवर प्रभूचे नाव. मग गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या अंगणात येते. आम्ही आनंदाने प्रार्थना करतो, पवित्र पाणी शिंपडतो. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, जुन्या गाडीवरचा पहिला खर्च तिच्या गिअर बॉक्सच्या तेलावर व्हावा.

इंजिन ऑईल सर्वांना ठाऊक आहे. गिअर ऑईल मात्र विसरले जाते. ते जळत नाही, म्हणून सहसा कमी होत नाही. त्याच्यासाठी समोर लाल दिवाही लागत नाही. पण दोन दातांमध्ये पातळ पडदा धरून ठेवणे आणि उष्णता वाहून नेणे, हे काम तेच करते. वर्षे उलटली की त्यातील औषधी द्रव्ये संपतात आणि लोखंडाचा बारीक चुरा मिसळतो. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर पाणीही शिरू शकते. अशा तेलावर भरलेली गाडी सिल्लेवानी घाट चढली, तर झीज आत होते आणि बाहेर काही दिसत नाही. दिसते तेव्हा हंगाम ऐन भरात असतो, संत्री कळमन्याऐवजी रस्त्याच्या कडेला सडतात आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

काही जण म्हणतात, “चालते आहे ना, मग हात कशाला लावता? तेल बदलले की गिअर बॉक्स जातो.” हे आम्हांस पटत नाही. नवे तेल दात मोडत नाही. आधीच झिजलेले ते उघडे पाडते. अमेरिकेत बहुतेक पिकअप गाड्यांचे गिअर आपोआप पडतात. तेथेही हीच भीती बोलली जाते. त्या पेटीत आतील क्लच तेलाच्या दाबावर चालतात, म्हणून तेथे अधिक जपावे लागते. फार जुनी गाडी असेल तर यंत्राने जोर लावून धुण्यापेक्षा, निघेल तेवढेच तेल काढून, फिल्टर बदलून नवे भरावे. तेच लाल तेल आपल्याकडील अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये असते. तेही काळे पडले की बदलावे. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या तेलात देवमाशाची चरबी मिसळली जात असे. ते मासे नामशेष होऊ लागले तेव्हा बंदी आली आणि दुसरा उपाय शोधावा लागला. यंत्रासाठी सृष्टी किती खर्ची पडते, याची ही आठवण पुरे.

आता काम कसे करावे ते सांगतो. आपल्या पिकअपचा गिअर सामान्यतः हातानेच पडतो, म्हणून काम अवघड नाही.

१. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, उकळते नको. सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

२. आधी तेल भरण्याचा वरचा नट उघडून पाहावा. तो अडकलेला असेल आणि खालून तेल सोडून दिले, तर गाडी जागेवरच बसेल.

३. खालच्या नटाला चुंबक असल्यास तो पाहावा. राखाडी, बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. किरच्या किंवा तुकडे निघाले तर मिस्त्रीला दाखवावे. तेल दुधासारखे असेल तर पाणी शिरले आहे.

४. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घ्यावे. जीएल-४ आणि जीएल-५ यांत फरक आहे. जीएल-५ मधील गंधकाची द्रव्ये काही पेट्यांतील पितळी रिंगांना अपाय करू शकतात. वरच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल आले की पुरे.

मागच्या डिफरन्शियलचे तेल याच वेळी पाहावे. ट्रॅक्टरमध्ये तर अनेकदा गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच तेलावर चालतात. तेथील हयगय तिप्पट महाग पडते.

काढलेल्या तेलाचे काय? येथे आमचा सर्वांत मोठा आग्रह आहे. ते धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जे पाणी आपण पितो, तेच संत्र्याच्या बागेला देतो. बैलाच्या खांद्यावरील जखमेस किंवा कुत्र्याच्या खरजेस जळके ऑईल लावण्याची रीत सोडावी. जनावर ते चाटते आणि विष पोटात जाते. जळक्या इंजिन ऑईलात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि भिजलेले कपडे लगेच बदलावेत. नळीने तेल तोंडाने ओढू नये. घोट छातीत गेला तर फुप्फुसाला इजा होते. पाण्याच्या बाटलीत तेल भरून ठेवणे म्हणजे लेकरांच्या जिवाशी खेळ.

जुने तेल हा घातक कचरा आहे, असे २०१६ चे सरकारी नियम सांगतात. ते शुद्ध करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडेच जावे. एकट्याचे दोन-चार लिटर कोण नेणार? म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक वस्तीतील तीन-चार घरांनी मिळून एक झाकणाचा डबा ठेवावा आणि भरला की रीतसर तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावा.

जमीन, पाणी, जनावर आणि गाडी ही आपली मालकी नव्हे, सोपविलेली ठेव आहे. चांगला कारभारी ठेव मोडेपर्यंत थांबत नाही. अंबिया बहाराची तोडणी लागण्यापूर्वी एक सकाळ या कामास द्यावी.