विम्याच्या कोऱ्या फॉर्मवर सही नको

मोशीहून चाकणला माल नेणाऱ्या टेम्पोला ओरखडा, पोचा हे रोजचेच. दुरुस्ती पदरच्या पैशाने केली, तर नो क्लेम बोनस शाबूत राहतो. विमा कंपनीकडून हजार-दोन हजार जरी घेतले, तरी पुढच्या नूतनीकरणाला तो साधारणतः शून्यावर येतो. मग ‘कंपनी बदला, क्लेम नाही असे लिहा’ असा सल्ला काही एजंट देतात. सूट 20 ते 50 टक्के, तीही फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीवर नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करू शकते. खोटे निघाले की मोठ्या अपघाताचा क्लेम अडकतो, आणि फॉर्मवर सही मालकाची असते, एजंटची नव्हे! आमच्या मते व्यापारी-कारागीर बांधवांनी फॉर्म आपल्यासमोरच भरून घ्यावा. त्यात मागील अपघातांचा प्रश्न असेल, तर क्लेम न घेतलेला पोचाही लिहावा.