देखावा खाती नावे

जे हॉटेल आपली जाहिरात खिडकीपासून सुरू करतं, तिथे जेवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'आमच्याकडे मासा चांगला मिळतो' असं न म्हणता 'आमच्याकडून समुद्र चांगला दिसतो' असं जो सांगतो, त्याच्या माशाची वेगळी चौकशी करायची गरजच काय? मुलाचा पगार विचारावा आणि त्याच्या वडिलांनी 'आमच्या गच्चीवर वारा फार छान येतो' म्हणावं, त्यातलाच हा प्रकार!

आता तुम्ही सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीचा दाखला द्याल. मान्य. पण तिथे दरीचे पैसे लावत नाहीत. शिवाय गड चढून गेलेल्या माणसाला दरी दिसतच नाही, भाकरी दिसते.

माझं खरं भांडण आहे ते हाँगकाँगमधल्या देखाव्यावाल्या कँटोनीज हॉटेलांशी. (कँटोनीज म्हणजे हाँगकाँग आणि शेजारच्या ग्वांगडाँग प्रांताकडचं जेवण. आपल्या नाक्यावरच्या गाडीवर जे लालभडक काही परततात, त्याचा आणि याचा संबंध पत्रिका जुळवूनही लागणार नाही.) या जेवणाचा आणि खिडकीचा उभा दावा आहे. ते मुळात वेळेचं जेवण आहे. कढईतून परतून आलेल्या पदार्थात एक धुरकट, खमंग वास असतो. त्याला ते लोक 'वॉक हे', म्हणजे कढईचा श्वास म्हणतात. कढईपासून तोंडापर्यंत तो पोचला तर पोचला, नाहीतर वाटेतच सुटतो. 'हार गाव' नावाची कोळंबीची करंजी असते. गव्हाच्या सत्त्वाची पारी, इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसावी. ती गार झाली की तिचं काय होतं, हे गार झालेला उकडीचा मोदक खाल्लेल्या माणसाला सांगायला नको. आणि मासा! टाकीतला जिवंत मासा काढून, मिनिटं मोजून वाफवायचा, वर आल्याच्या बारीक काड्या आणि कांद्याची पात घालायची, त्यावर कडकडीत तेल ओतायचं. चर्र आवाज झाला की तो खायचा. मी कोकणातला आहे. तव्यावरची तुकडी ताटात पडली की आमच्या घरी दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही.

आता अशा जेवणासमोर खिडकी ठेवायची म्हणजे काय करायचं? माझा मेहुणा तिकडे एका शिपिंग कंपनीत आहे. आम्ही मार्चमध्ये त्याच्याकडे गेलो होतो. सासूबाई गेल्यानंतर भावाबहिणीची ती पहिलीच भेट. बरंच बोलायचं साठलं होतं. "भाऊजी, तुम्हाला असं ठिकाण दाखवतो की बस्स!" म्हणून त्याने बंदरासमोरच्या एका उंच इमारतीतल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं. खिडकीजवळच्या टेबलाला अट अशी, की माणशी किमान अमुक इतक्याचं खाल्लंच पाहिजे. बँकेत किमान शिल्लक ठेवावी लागते हे मला ठाऊक होतं, पण पोटात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती मी तिथेच पाहिली.

मार्च-एप्रिलमध्ये हाँगकाँगला धुकं पडतं. त्या दिवशीही पडलं होतं. खिडकीबाहेर कापूस. तरी आजूबाजूची सगळी टेबलं कापसाकडे टक लावून बसलेली. बरोबर आठ वाजता मासा आला, आणि बरोबर आठ वाजता 'सिंफनी ऑफ लाइट्स' सुरू झालं. २००४ पासून तिथे रोज रात्री आठला बंदराकाठच्या इमारतींवर दहाएक मिनिटं दिव्यांचा खेळ चालतो. सगळं हॉटेल उठून काचेला चिकटलं. "अहो, या ना इकडे, तो बघा हिरवा!" बायको ओरडली. धुक्यात एक हिरवा डाग होता. मग तो जांभळा झाला. मागे टेबलावर मासा एकटा पडून आमच्या पाठींकडे बघत होता.

दहा मिनिटांनी सगळे परतले तेव्हा त्यावरचं तेल गोठायच्या बेतात होतं. भावाबहिणीचं बोलणं झालं ते एवढंच: ती इमारत कुठली, आणि दिसली असती तर कशी दिसली असती.

बिल आलं. त्यात माणशी चहा होता (तिकडे चहाची आकारणी डोक्यावर असते) आणि वर दहा टक्के सेवा. धुक्याबद्दल सूट मात्र कुठेच नव्हती. आमच्या बँकेत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली तर संध्याकाळच्या आत मेमो हातात पडतो. इथे उघडउघड देखाव्याची रक्कम माशाच्या खाती नावे टाकतात आणि वर वाकून नमस्कार करतात! बंदर काय हॉटेलवाल्याच्या ताळेबंदात आहे? त्यावर घसारा धरतो का तो? 'जागेचं भाडं फार असतं हो' असं मेहुणा म्हणाला. असेल. मग ते भाडं म्हणून लावा, माशाच्या गळ्यात का बांधता? हाँगकाँगचा डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला ७.८० च्या आसपास बांधून ठेवलेला आहे. ज्यांना डॉलर बांधता येतो, त्यांना देखाव्याचा दर बांधता येऊ नये?

देखाव्याशी माझं वैर नाही, तेवढं लक्षात घ्या. तो मीही पाहिला, पण स्टार फेरीच्या बोटीतून, किरकोळ डॉलरांत, लाकडी बाकावर बसून. ही बोटसेवा १८८८ मध्ये कंपनी काढून रीतसर उभी केली ती मुंबईहून गेलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. आडनावात मिठाई, आणि धंद्याने मूळचा स्वयंपाकी. पण त्याच्या बोटीत बसलं की फक्त बंदर बघायचं. खात्री आहे, हा माणूस बँकेत चालला असता. त्याच वर्षी डोंगरावर जाणारी पीक ट्रामही सुरू झाली. म्हणजे देखाव्याची वेगळी सोय त्या गावात केव्हाच झालेली आहे.

देखाव्याच्या हॉटेलांचा महामेरू म्हणजे ॲबरडीनच्या खाडीतलं 'जंबो' हे तरंगतं हॉटेल, राजवाड्याच्या थाटाचं, १९७६ मध्ये उघडलेलं. तिकडच्या कोळ्यांमध्ये ताटातला मासा उलटत नाहीत. मासा उलटला की होडी उलटते म्हणतात. वरची बाजू संपली की काटा उचलून खालची खायची. 'जंबो' २०२० च्या मार्चमध्ये बंद पडलं, २०२२ च्या जूनमध्ये ओढून दुसरीकडे नेत असताना दक्षिण चीन समुद्रात उलटलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण इतक्या वर्षांत देखावा बघता बघता किती पर्यटकांनी तिथे मासा उलटला असेल, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याच्या वसाहतीतल्या चहाघरात गेलो. खिडकी नाही. समोर भिंत. गोल टेबल, मध्ये फिरती चकती, म्हणजे बघायचं तर एकमेकांच्या तोंडाकडेच. शेजारी एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि नातू त्यांच्या कपात चहा ओतत होता. आजोबांनी मान वर न करता दोन बोटं टेबलावर ठोकली. तिकडे चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानतात. हार गाव आले ते तोंड भाजेल इतके गरम. दुसरी परडी संपता संपता मेहुणा म्हणाला, "ताई, आईचं ते शेवटचं दुखणं तू मला नीट कधी सांगितलंच नाहीस." मग ती सांगत राहिली, किटलीत तीनदा पाणी घालून घेतलं, आणि बिलात खिडकी नव्हती.

तेव्हा देखाव्यावाल्यांना माझी एवढीच मागणी आहे: बिलावर दोन ओळी वेगळ्या छापा. मासा इतका, देखावा इतका. मी देखावा साभार परत करीन आणि फक्त मासा घेईन. मला भिंतीकडचं टेबल द्या. भिंतीवर कॅलेंडर असलं तरी चालेल, फक्त त्याच्यावर हाँगकाँगच्या बंदराचं चित्र नको.