दस्त म्हणजे हात

'दस्तऐवज' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'दस्त' म्हणजे हात. हाताशी धरून ठेवावा तो दस्तऐवज. शिवकालात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी नोंदणी कचेरीत आजही 'दस्त'च नोंदवतात. शब्द आमच्या ओळखीचा, कागद मात्र आम्ही टाळतो. कापडाचा तागा हाताने चाचपून घेणारे आम्ही, पिंपरी-भोसरीत गाळा मात्र तोंडी शब्दावर घेतो! १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते, भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. दस्त मागणे हा अविश्वास नव्हे. जबान पाळणारा मालक उद्या नसेल, वारस दारात उभे राहतील. तेव्हा बांधवांनो, डिपॉझिट देण्याआधी दस्त करून घ्या.