गाडीपुढे धावलेल्यांची वरात



माझा भाचा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. गेल्या वर्षी त्याचे लग्न ठरले. मुलगी चांगली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकणारी. देणे-घेणे काही नाही, लग्न गावच्या विहारात बौद्ध पद्धतीने, जेवण साधे, असे सर्वांच्या मते ठरले. पण एक दिवस भाचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला आणि त्याने मला एका जुन्या उघड्या मोटारीचे चित्र दाखवले. चकचकीत रंग, मोठमोठे गोल दिवे, बाजूला पायरी. म्हणाला, "मामा, वरात हिच्यातनं काढायची."

ही आवड त्याला लागली ती दसऱ्याला. दरवर्षी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्यातील मंडळी मेबॅक नावाच्या जुन्या मोटारीतून सोने लुटण्याच्या सोहळ्याला येतात. जर्मनीत बनलेली ही केशरी रंगाची मोटार राजाराम महाराजांच्या काळातली. तिला बघायला लहान-थोर गर्दी करतात. भाचाही त्या गर्दीत उभा होता. ती मोटार काही कोणाला भाड्याने मिळत नाही. पण तिच्या थाटाच्या दुसऱ्या जुन्या मोटारी लग्नासाठी भाड्याने देणारे लोक आता झाले आहेत.

मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. माझे डोके आधी हिशेबाकडे धावते. जुनी मोटार कोल्हापूरहून शाहूवाडी तालुक्यात आणायची, म्हणजे ती घाटवळणाने पन्नास किलोमीटर चालवत कोणी आणणार नाही, दुसऱ्या गाडीवर चढवून आणणार. त्याचे भाडे वेगळे. मग मोटार आली म्हणजे बँड आला, लायटिंग आली, साउंड आला. सगळे मिळून साठ हजार. हे पैसे तो कर्जाने काढणार होता, शेकडा दोन रुपये महिना. म्हणजे वर्षाला चौदा हजार चारशे नुसते व्याज. मी कागदावर आकडे मांडून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "दोन तासांच्या मिरवणुकीसाठी दोन वर्षे हप्ते भरणार का?"

त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, "मामा, आजी काय सांगते ते तुम्ही ऐकलंय न्हवं? आपला पणजा सायबाच्या गाडीपुढं पळत होता. मग मी एकदा गाडीत बसलो तर काय बिघडलं?"

बंधूंनो, मी गप्प झालो. कारण ही गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. माझे पणजोबा गावकीची महारकी करीत. अंमलदार गावात आला की त्याच्या दमणीपुढे धावत जाऊन पुढच्या गावची शीव दाखवायची, त्याचे ओझे डोक्यावर घ्यायचे, मुक्कामाला लाकूडफाटा पुरवायचा. बैलांना विसावा असे, पण पुढे पळणाऱ्याला नसे. पायात काटा मोडला तरी तो काढायला थांबायची सोय नव्हती. हे माझ्या आजोबांनी आईला सांगितले आणि आईने आम्हाला. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडले, जमिनी रयतावा करून दिल्या, आणि ही वेठ उठवण्याचा मार्ग मोकळा केला. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. बाबासाहेब तर १९२८ पासून त्यासाठी कायदेमंडळात झगडत होते.

तेव्हा आपल्या पोराला गाडीत बसावेसे वाटते, याला नुसती हौस म्हणून हसता येत नाही. आजही देशात कुठे ना कुठे आपल्या नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याची बातमी येतेच. वाहनात बसणे हा आपल्या समाजासाठी मानाचा प्रश्न होता आणि काही ठिकाणी तो अजून आहे.

त्या रात्री मला बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग आठवला. १९२९ साली ते एका सरकारी समितीच्या कामासाठी त्या भागात गेले होते. स्टेशनवर आपली माणसे त्यांना न्यायला आली. वस्ती जवळच, चालत जाण्यासारखी. पण एवढ्या मोठ्या माणसाला पायी कसे न्यायचे? टांगा बोलावला, तर टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा त्याचा आणि हाकणारा आपल्यातला, अशी तडजोड झाली. त्या बिचाऱ्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनी हा प्रसंग लिहिला तेव्हा दोन्ही गोष्टी सांगितल्या. एका बॅरिस्टरला साधा टांगेवाला आपल्यापेक्षा हलका समजतो, ही एक. आणि पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात आपल्या माणसांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, ही दुसरी.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला हा प्रसंग सांगितला आणि म्हटले, "तुझं म्हणणं खरं आहे. मान पाहिजेच. पण मानासाठी पाय मोडून घ्यायचा नाही. कर्ज म्हणजे मोडलेला पायच." तो थोडा वेळ बसून राहिला. मग त्याच्या होणाऱ्या बायकोनेच तोड काढली. फोनवर ती म्हणाली, "मोटार गावात कशाला आणायची? आपणच कोल्हापूरला जाऊ. दोन तास मोटार घेऊ आणि जिथं जिथं जायला पाहिजे तिथं जाऊ."

तसेच झाले. लग्न विहारात पार पडले, बँड नाही, कर्ज नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बारा माणसे मलकापूरहून एसटीने कोल्हापूरला गेलो. मोटारीचे दोन तासांचे भाडे आठ हजार. मागे नवरा-नवरी, त्यांच्या शेजारी माझी बहीण, आणि पुढे चालकाच्या शेजारी माझी पंचाहत्तरी गाठलेली आई. बाकी आम्ही दोन रिक्षांतून मागे. मोटार चालवणारे चाचा वयस्क होते. त्यांनी स्वतः खाली उतरून आईला हात देऊन बसवले. आई पदर सावरून ताठ बसली, फोटोतल्यासारखी.

आधी नवा राजवाडा पाहिला. मेजर मॅन्ट या इंग्रज स्थापत्यकाराच्या आराखड्याप्रमाणे १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला. मोटार बाहेर थांबवून, तिकीट काढून आम्ही वस्तुसंग्रहालय पाहिले. कोणी आम्हाला तुम्ही कोण म्हणून विचारले नाही. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पण १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्या मंडळींनी हौदावर हातपाय धुतले म्हणून केवढा गहजब झाला! शेवटी कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, बरोबर शिपाई देऊन, त्यांना किल्ला दाखवला गेला. म्हणून तिकीट काढून बेधडक आत जाणे ही आपल्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. ज्यांनी ती मिळवून दिली त्यांची आठवण ठेवून आत जावे.

तिथून दसरा चौक. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याला हार घातला. या चौकाच्या आसपास वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे आहेत. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगपासून महाराजांनी ही सुरुवात केली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. नव्या सुनेला हे सगळे माहीत होते. भाच्याला निम्मे माहीत होते. तिने त्याला उरलेले निम्मे मोटारीतच सांगितले.

सीपीआर दवाखान्याच्या अलीकडे गर्दीत मोटार तापली आणि बंद पडली. चाचा म्हणाले, "जुनं हाय साहेब, थोडा धक्का लागंल." मग काय, नवरदेव कोट काढून खाली उतरला आणि आम्ही सगळे मिळून ढकलू लागलो. रस्त्यावरची पोरेही मदतीला आली. आई आत बसून हसायला लागली. म्हणाली, "थोरलं गाडीपुढं पळालं, आणि ह्यो गाडीमागं ढकलतोय. आपल्या नशिबात बसणं काय न्हाईच गं!" सगळे पोट धरून हसले. चाचासुद्धा.

मोटार सुरू झाली आणि आम्ही भाऊसिंगजी रस्त्याला लागलो. इथे थांबायचे हे मी आधीच ठरवले होते, कारण याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. गंगाराम महाराजांच्या पागेत नोकर. स्पृश्यांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना तिथल्या लोकांनी चाबकाने मारले. महाराज परतल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला सांगितले. हॉटेल निघाले, पण महाराच्या हातचा चहा प्यायला येतो कोण? तेव्हा खुद्द महाराज आपला घोड्यांचा खडखडा घेऊन येत, हॉटेलापुढे थांबवत, गंगारामांना मोठ्याने हाक मारून चहा मागवत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो प्यायला लावत. राजाने प्यायल्यावर नको कोण म्हणणार?

आम्ही त्या रस्त्यावरच्या एका साध्या हॉटेलापुढे मोटार थांबवली आणि पंधरा चहा सांगितले. बारा आमचे, एक चाचांचा आणि दोन रिक्षावाल्यांचे. आईला मोटारीतच कप दिला. मी तिला गंगारामांची गोष्ट सांगितली. तिने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाली, "राजा गाडीतनं उतरला म्हणून झालं बाबा. नुसता गाडीत बसून गेला असता तर कुणाला कळलं असतं?"

मला वाटते, मी इतकी वर्षे सभांतून भाषणे केली, पण हे मला असे सांगता आले नव्हते. मेबॅक पाहायला लोक गर्दी करतात, ते ठीकच आहे. पण खडखडा आपल्या लक्षात राहिला तो त्याच्या थाटामुळे नव्हे. तो जिथे थांबला त्यामुळे.

शेवटचा थांबा बिंदू चौक. इथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला हा पुतळा. नवरा-नवरीने वंदन केले. दोन तास भरत आले होते. चाचा घाई करीत नव्हते, पण भाच्यानेच घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "मामा, जादा वेळ झाला तर जादा पैसे." तेव्हा मला खात्री पटली की पोरगा संसार नीट करणार.

एकंदर खर्च बारा हजारांच्या आत आला. कर्ज काढावे लागले नाही आणि भाच्याच्या बचतीतून सुनेच्या शेवटच्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली. आज ती पदवीधर आहे.

बंधू-भगिनींनो, जुन्या मोटारीतूनच फिरले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. एसटीने जा, रिक्षाने जा, पायी जा. पण कोल्हापूरला गेलात की अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि राजवाडा एवढ्यावर परत फिरू नका. मुलांना दसरा चौकात न्या, बिंदू चौकात न्या. नर्सरी बागेत शाहू महाराजांचे समाधीस्थळ आहे, २०२० च्या जानेवारीत ते लोकांसाठी खुले झाले, तिथे न्या. आणि भाऊसिंगजी रस्त्यावर कुठेही थांबून मुलांबरोबर एक चहा प्या. तो पिता पिता त्यांना गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला पुढच्या सीटवर बसवा.

जयभीम.