मोरीचं पोषण

‘कुकरात शिजवलं की जीवनसत्त्वं मरतात’ हे हल्ली हळदीकुंकवापासून सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. उपायही तयार असतो: कुकर माळ्यावर टाका आणि होईल तितकं कच्चं खा.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं, ब गटातलं थायामिनही फार वेळ शिजवलं की घटतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांपुढे तापत नाही, कुकरात ते सुमारे १२० पर्यंत जातं. पण तिथे डाळ चार शिट्ट्यांत होते, बंद झाकणामुळे हवा कमी लागते आणि पाणी डाळीतच राहतं. नुसते अंश मोजून निकाल देता येत नाही. वेळ, हवा आणि पाणी यांचाही हिशेब मांडावा लागतो.

कच्च्याच्या कैवाऱ्यांनी एकदा कच्चं अळू खाऊन दाखवावं. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा असा खाजेल की वाद तिथेच मिटेल. काकडी-कोशिंबीर कच्ची खावी, त्याला कोण नाही म्हणतो? पण गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवून, वर फोडणीचं तेल पडलं की अधिक अंगी लागतं.

मग चोर कोण? मोरी! मेथी आधी बारीक चिरायची आणि मग चाळणीत खळखळून धुवायची. खाली उतरतं ते हिरवट पाणी. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत चोळायचे, भात वेळून पेज ओतून द्यायची, फरसबी उकडून तिचं पाणीही त्याच वाटेने. क आणि ब ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, ती पाण्याबरोबर निघून जातात. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकणं तर थायामिनवर थेट घाला.

फेकलेल्या भागाची किंमत १८९०च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, कोंबड्यांनी दाखवून दिली. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर त्या लुळ्या पडत, कोंड्यासकट तांदूळ मिळाला की सावरत. हे टिपणाऱ्या आइकमनना १९२९ साली नोबेल मिळालं. कोकणातल्या उकड्या तांदळाचं मर्म हेच. साळ भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग सडतात. उकडताना कोंड्याजवळचं थायामिन दाण्यात मुरतं आणि सडल्यावरही बरंच टिकतं.

पुरणाची डाळ उपसल्यावर उरलेल्या पाण्याची कटाची आमटी होते, उकड्या तांदळाची पेज मीठ-लोणच्यासोबत प्यायली जाते. यामागे शास्त्र कमी आणि काटकसर जास्त असेल. पण पोषण राखायचा याहून सोपा धडा नाही. धुवा आणि मग चिरा, फोडी मोठ्या ठेवा, पाणी बेताचं घाला, झाकण ठेवा, लिंबू खाली उतरवल्यावर पिळा.

अपवाद आहेतच. राजमा भिजवलेलं पाणी टाकावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम कमी करण्यासाठी भाजी उकडून पाणी फेकायला डॉक्टरच सांगतात, त्यांनी ते ऐकावं. बाकीच्यांनी कुकरवर फिर्याद गुदरण्याआधी एवढंच सांगावं: काल उकडलेल्या फरसबीचं पाणी आमटीत गेलं की मोरीत?