हिशेब आला हातात

ज्याला हिशेब करता येतो, त्याला फसवणे कठीण जाते. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या पिढ्यांचे आपण वारस आहोत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच जुने जपानी कॅल्क्युलेटर जमवणारी माणसे मला निव्वळ हौशी वाटत नाहीत. हिशेब सामान्य माणसाच्या हातात कसा आला, त्याचा पुरावा ती जपत असतात.

काशिओ बंधूंनी १९५७ साली ‘१४-ए’ हे विजेवर चालणारे गणकयंत्र बाजारात आणले. टेबलाएवढा आकार, वजन १४० किलो आणि किंमत ४ लाख ८५ हजार येन! १९७१ मध्ये बिझिकॉम कंपनीचे ‘एलई-१२०ए’ आले. ते तळहातावर मावत होते, पण किंमत होती ८९,८०० येन. म्हणजे यंत्र लहान झाले, तरी ते साहेबाच्याच खिशात राहिले.

खरा बदल ऑगस्ट १९७२ मध्ये घडला. ‘कॅसिओ मिनी’ अवघ्या १२,८०० येनला आला. किंमत उतरवण्यासाठी पडद्यावर फक्त सहा आकडे ठेवले होते. घरखर्चाला आणि दुकानदारीला तेवढे पुरत होते. दहा महिन्यांत दहा लाख नग खपले. १९७३ मध्ये शार्पच्या ‘ईएल-८०५’ला द्रवस्फटिकाचा पडदा लाभला आणि एका लहान सेलवर तो सुमारे १०० तास चालू लागला. सेलचा खर्चही आटोक्यात आला.

जमवायचे झाल्यास महागड्या, दुर्मिळ नगामागे धावू नये. घराघरांत वापरलेला, बटणावरचे आकडे झिजलेला नग अधिक बोलका असतो. आधी सेल काढून ठेवावेत. ते पाझरले की आतली तार गंजते. पत्र्यावर पांढरी-हिरवी पुटे दिसली, तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून नीट कोरडे करावे. दुसऱ्याचा अडॅप्टर जोडू नये. दाब किंवा धन-ऋण टोके उलटसुलट असली तर यंत्र जळते. वहीत मॉडेल क्रमांक टिपावा आणि माहीत असेल तर पूर्वी ते कोण वापरत होते, कशाचा हिशेब करत होते, हेही लिहावे. त्या नोंदीशिवाय ती नुसती प्लास्टिकची डबी आहे.

तथागतांनी तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले. ‘आणखी एक हवा’ या हव्यासाने कपाट भरले आणि कुणाला हातही लावू दिला नाही, तर तो संग्रह नव्हे, आसक्तीच. तोशिओ काशिओ यांच्या निधनानंतर टोकियोतील त्यांच्या घरात २०१३ साली संग्रहालय सुरू झाले आणि तिथे ‘१४-ए’ लोकांसाठी ठेवले गेले. वस्तू दाखवली, समजावून सांगितली, तरच तिचे ज्ञान होते.

आपल्या घरात असा जुना नग असेल, तर तो भंगारात देण्याआधी मुलांपुढे ठेवा. पगाराची पावती आणि किराण्याची यादी त्यांना त्यावर तपासू द्या. अन् आधी तोंडी बेरीज करायला सांगा!

जयभीम!