कर्ता कुठाय?

मालिश किती वेळा करावे, हा प्रश्न थंडी पडली की आरोग्यसदरांतून हमखास उगवतो. कोणी म्हणतो रोज, कोणी आठवड्यातून एकदा, कोणी म्हणतो प्रकृती पाहून. पण वाक्य बघा हो जरा: ‘मालिश करावे.’ यात कर्ता कुठाय? व्याकरणाच्या बाई हे चालवून घेतील. मी घेणार नाही.

वाग्भटाचार्य ‘अष्टांगहृदया’त रोज अभ्यंग करावा असे सांगून मोकळे झाले. डोके, कान आणि पाय यांना विशेष तेल लावावे, कफ किंवा अजीर्ण झालेल्याने लावू नये, इतकी बारीक पथ्ये त्यांनी दिली. लावायचे कोणी, तेवढे राहिले. आपले आपणच लावावे म्हणाल, तर आपली पाठ आपल्या हाताला लागत नाही, हे जगजाहीर आहे.

मी हिशेब मांडला. घरात माणसे पाच. त्यातली लावणारी एक, म्हणजे मी. म्हणून पाठी उरल्या चार. रोजच्या चार, तर वर्षाच्या १४६०. पाठीला अर्धा तास धरला तर ७३० तास, म्हणजे दिवसरात्र मिळून तीस दिवस! शास्त्र पाळायचे तर बाईने वर्षातला एक अख्खा महिना तेलात काढायचा, आणि तोही न झोपता.

“पण बाईलाही मिळते की मालिश! बाळंतपणात!” मिळते ना. सव्वा महिना. मालिशवाली येते, अंग रगडते, शेक-शेगडी होते. सव्वा महिना सरला की तेलाची वाटी बाळाकडे जाते, ती जातेच. पुढे तेच बाळ मिशा फुटल्यावर नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसते आणि “आई, जरा जोरात” म्हणते. पाडव्याला त्याचे वडील बसतात. ताटात ओवाळणी पडते, नाही असे नाही. पण नव्या साडीने दुखरे खांदे झाकतात, थांबत नाहीत.

“मग पैसे देऊन माणूस लावा,” हा पुढचा सल्ला. खुशाल लावा. तिथे कर्ता डोळ्यांसमोर उभा असतो, आपला दर सांगतो आणि काम झाले की बाटली उचलून चालू लागतो. घरातल्या लावणारीचा दरही ठरलेला आहे: “तुझ्या हाताला गुण आहे गं!” या एका वाक्यावर आमच्या घरात तीन पिढ्या राबल्या.

त्यापेक्षा तालमीतले पैलवान शहाणे. ते एकमेकांचे अंग रगडतात. आज तू पालथा, उद्या मी. म्हणून माझे उत्तर असे: मालिश किती वेळा करून घ्यावे? जितक्या वेळा दुसऱ्याला केले असेल, तितक्या वेळा. एकदाही जास्त नाही. या नियमाने कित्येक घरांतल्या पाठी जन्मभर कोरड्या राहतील, त्याला माझा इलाज नाही.

प्रत्येक घरात एक ‘कर्ता पुरुष’ असतो म्हणे. त्याने एकदा या वाक्याचा कर्ता होऊन दाखवावे. तेलाची वाटी फडताळात उजव्या हाताला आहे. तेल आधी कोमट करावे लागते. कोणी, ते आता विचारू नये.